तुरळक ठिकाणी मी

भूगोल शिकवणाऱ्या माणसाने सायकल घेऊ नये. घेतलीच, तर आपण भूगोल शिकवतो हे इतर सायकलवाल्यांना कळू देऊ नये. मी या दोन्ही चुका एकाच आठवड्यात केल्या.

सायकल आली ती साखरेमुळे. डॉक्टर म्हणाले, "सर, एकतर गोळी वाढवू, नाहीतर सायकल घ्या." गोळी तीन रुपयांची होती, सायकल बावीस हजारांची. तरी मी सायकल घेतली, कारण डॉक्टर स्वतः दर रविवारी सायकलवर जात आणि त्यांच्या कंपूत एक जण कमी पडत होता, हे मला मागाहून कळलं.

कंपू अस्सल जालन्याचा. बियाण्यांच्या दुकानाचे शेठ, सळईच्या कारखान्यातले मॅनेजर, बँकेतले दोघे, डॉक्टर आणि निवृत्त तलाठी आप्पा. जालना सोने का पालना म्हणतात, त्यातलं सोनं म्हणजे हल्ली बियाणं आणि सळई, आणि दोन्ही आमच्यात होतं. रविवारी गांधी चमनला जमायचं, कुठल्या तरी दिशेने वीस-पंचवीस किलोमीटर जायचं, पोहे खायचे आणि परत यायचं. नवीन झालेल्या समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही, हे एक बरं आहे. नाहीतर या मंडळींनी पोहे खायला मला नागपूरला नेलं असतं.

पहिल्याच रविवारी डॉक्टरांनी ओळख करून दिली. "हे आपले सर. भूगोल."

शेठनी लगेच आभाळाकडे बघितलं. "मग सर, आज पाऊस?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत 'माहीत नाही' हे शब्द मी वर्गात उच्चारलेले नाहीत. फारच अडलं तर 'हा प्रश्न परीक्षेला येत नाही' म्हणतो. गांधी चमनला ती सोय नव्हती. मी हनुवटी वर केली, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "नाही येणार."

आला नाही. तिथेच घात झाला.

त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. आमच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, पडला तर. तोही चार महिन्यांत, आणि त्या चार महिन्यांतलेही निम्म्याहून जास्त दिवस कोरडे. रोज सकाळी उठून डोळे मिटून 'आज पाऊस नाही' म्हणणारा माणूस इथे वर्षातले तीनशे दिवस सहज बरोबर ठरतो. पण हे गणित कंपूला सांगण्याऐवजी मी मान डोलावून कौतुक स्वीकारलं आणि ग्रुपवर माझ्या नावापुढे कोणी तरी ढगाचं चित्र टाकलं.

पहिलं पितळ वाऱ्याने उघडं पाडलं. जुलै २०२२. बेत बदनापूरचा, म्हणजे जालन्याहून पश्चिमेला वीस किलोमीटर. आदल्या रात्री मी मोबाइलमध्ये डोकं घालून ग्रुपवर जाहीर केलं : 'उद्या पश्चिमी वारे, ताशी पंचवीस ते तीस किलोमीटर. जाताना वारा पाठीशी. नाश्त्याला लवकर पोहोचू.'

आता, पश्चिमी वारा म्हणजे पश्चिमेकडे जाणारा नव्हे, पश्चिमेकडून येणारा. वाऱ्याला नाव माहेरचं असतं, सासरचं नाही. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात म्हणून ते नैऋत्य, हे वाक्य मी दरवर्षी अकरावीच्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतो. फळ्यावर बाण काढतो. चुकलेल्या पोराला उभं करतो. आणि मोबाइलवर तोच बाण दिसल्यावर माझी मती सासरी गेली.

जालन्याबाहेर पडलो आणि वाऱ्याने छातीवर हात ठेवून आम्हाला थांबवलं. उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. अशा वाऱ्यात पुढच्या सायकलच्या आडोशाने चालायचं असतं. मॅनेजर पुढे झाले, पण ते आपल्या मालासारखेच सडपातळ, त्यांच्या मागे आडोसा कसला? मग शेठच्या मागे वारा अजिबात लागत नाही हा शोध सहा जणांना एकाच वेळी लागला आणि मुंबई-नागपूरच्या जुन्या रस्त्यावर सहा सभ्य माणसं एका माणसाच्या पाठीमागच्या जागेसाठी भांडली. बदनापूरला पोहोचेपर्यंत पोहे संपले होते. परतीला वारा खरोखरच पाठीशी होता, पण त्याचा फायदा छोटा हत्तीला झाला, कारण सायकली आम्ही त्यात घातल्या होत्या.

दुसरा कोणी इथे थांबला असता. मी यंत्रं घेतली. चौदाशे रुपयांचा वारा मोजायचा पंखा मागवला. गच्चीवर दोन लिटरची बाटली कापून पर्जन्यमापक केलं. एका सोमवारी सकाळी त्यात पाणी दिसलं. मोजलं, अठरा मिलिमीटर. 'मध्यरात्री झोपेत पडून गेला' अशी पुस्ती जोडून मी ते ग्रुपवर टाकलं. शेठनी आनंदाने दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. गिऱ्हाइकांनी बाहेर बघितलं, रस्ता कोरडा. संध्याकाळी सौ. म्हणाली, "रात्री नळ आला होता. टाकी भरून वाहून गेली, तुम्हाला उठवणार होते."

आप्पांनी त्यावर फक्त एवढंच विचारलं, "सर, नोंद किती वाजता घेतली?" मी म्हणालो, सातला. "साडेआठला घ्यायची असते," आप्पा म्हणाले. "सकाळी साडेआठ ते साडेआठ. टाकीची असली तरी."

या सगळ्यात मला धीर दिला तो गिल्बर्ट वॉकरने. हवामान खातं १८७५चं. १९२८ साली त्याचं मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. त्याआधी जॉन एलियटसाहेबाने १८९९ साली चांगल्या पावसाचं भाकीत केलं आणि त्या वर्षी देश दुष्काळात होरपळला. वर्तमानपत्रांनी इतकं झोडपलं की पुढे काही वर्षं भाकितं जाहीर करणंच बंद झालं. मग १९०४ साली वॉकर आला. तो हवामानाचा माणूसच नव्हता, गणितज्ञ होता. मैदानी खेळाचाही त्याला शौक. केंब्रिजला तो बूमरँग फेकत असे आणि म्हणून त्याचं नावच बूमरँग वॉकर पडलेलं. आपल्या पावसाचं कोडं सोडवता सोडवता त्याने प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोपाळा शोधून काढला. पाऊस चुकला की आपण आज एल निनोला शिव्या देतो, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. मैदानी शौक असलेला, हवामानातला बाहेरचा माणूस. साम्य मला ताबडतोब दिसलं. एक फरक दिसला नाही : फेकलेली वस्तू फिरून आपल्याच अंगावर येते, हे वॉकरला आधीपासून माहीत होतं.

कंपूतही प्रतिस्पर्धी कमी नव्हते. शेठ भेंडवळवाले. शेजारच्या बुलढाण्यात, अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचं भाकीत सांगतात. ते ऐकल्याशिवाय शेठ मालाची ऑर्डर पक्की करत नाहीत. बँकवाले पंचांगातल्या वाहनावर : नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस, हत्ती असलं की धो धो, गाढव असलं की नुसती हूल. "आपलं वाहन सायकल, त्याचं काय फळ?" मी एकदा कुजकटपणे विचारलं. फळ कोजागिरीला मिळालं.

२०२२ची कोजागिरी रविवारी आली होती, नऊ ऑक्टोबरला. बेत माझाच. दुपारी निघायचं, राजूरच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं, चांदण्यात मसाला दूध प्यायचं आणि चांदण्यातच परत. राजूर जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर. अंगारकीला हजारो माणसं रात्रभर चालत जातात, आपल्याला सायकलवर काय अवघड? ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी निवळ असलेलं आभाळ दुपारी तापून ढग उभे करतं आणि तीन-चारच्या पुढे ते फुटतात, हेही मी अकरावीला शिकवतो. पण मी त्या दिवसाचा अंदाज वाचला होता : 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.' तुरळक. म्हणजे चार थेंब. 'पाऊस नगण्य', असं मी ग्रुपवर टाकलं आणि वजन नको म्हणून मडगार्डही काढून ठेवायला सांगितलं.

अर्ध्या वाटेवर आप्पा म्हणाले, "इथून एक पांदण आहे. सहा किलोमीटर वाचतील. माझ्याच सज्जातली." मी माती बुटाने दाबून बघितली, खडखडीत होती. घातल्या सायकली.

पंधरा मिनिटांनी उत्तरेला ढग दिसला. काय ढग होता! मी सगळ्यांना थांबवलं आणि तिथेच तास घेतला. खालून काळा, वर फुलकोबीसारखा फुगलेला आणि माथा ऐरणीसारखा सपाट पसरलेला. क्युम्युलोनिम्बस. याच्या पोटात हवा केवढ्या वेगाने वर चढते, गारा कशा होतात, सगळं हात वर-खाली करून सांगितलं.

"तो इकडं येऊ राहिला का?" शेठनी विचारलं.

"छे. तो भोकरदन तालुक्यात आहे."

आप्पा हळूच म्हणाले, "सर, तालुका आपण मघाच ओलांडला."

पुढचं फार पटापट झालं. आधी गार वारा आला, मग मातीचा वास, मग वास घ्यायला सवड न देता पाऊस. डॉक्टर ओरडले, लिंबाखाली थांबू नका. ते मात्र विनोदाने घेण्यासारखं नाही. मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसं जातात आणि त्यातली किती तरी शेतात, झाडाच्या आडोशाला गेलेली असतात. आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमध्ये वीज असली की सांगणारं 'दामिनी' ॲप मीच सर्वांना घ्यायला लावलं होतं. त्यांनी घेतलं नव्हतं. मी घेतलं होतं आणि तास चालू असताना वाजायला नको म्हणून त्याचा आवाज बंद केला होता.

आणि मग काळी माती. काळ्या कसदार मृदेची ओलावा धरून ठेवण्याची क्षमता मोठी असते, दोन गुणांचा प्रश्न. ती काय काय धरून ठेवते ते पुस्तकात नाही. पहिल्या पन्नास फुटांत तिने टायर धरले. मग टायर आणि चिमटा यांच्यामधली फट भरली. मग चाक फिरायचं थांबलं. काडीने उकरावं, चार पावलं ढकलावं, पुन्हा उकरावं. सायकल उचलून खांद्यावर घेतली तर ती अडीच सायकलींची झाली होती. बुटांचे तळवे इतके वाढले की मी डॉक्टरांपेक्षा उंच दिसू लागलो. पुढच्या पावलाला एक बूट जागेवर राहिला आणि मी पुढे गेलो.

पांदणीच्या कडेला पत्र्याचा आखाडा दिसला. बाहेर एक मावशी आणि त्यांचा मुलगा सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री टाकायची झटापट करत होते. एक टोक धरलं की वारा दुसरं उडवत होता. आम्ही सायकली टाकल्या आणि धावलो. ज्याच्या हाताला जे टोक लागलं ते त्याने धरलं. शेठना ताडपत्रीवर वजन म्हणून बसवलं, आणि त्या दिवशी आमच्यातला खराखुरा उपयोगी पडलेला माणूस तोच.

सुडी झाकली गेली, पण बुडाकडून भिजायची ती भिजलीच. पत्र्याखाली आल्यावर मावशींनी आमच्याकडे नीट बघितलं. सात माणसं, एकसारखे शर्ट, डोक्याला टोप, पायाला चिकटलेल्या विजारी.

"विम्याचे लोक का तुम्ही?" त्यांनी विचारलं. "इतक्या लवकर?"

मॅनेजरनी खुलासा केला. आम्ही जालन्याचे, सायकलवर फिरतो, आणि हे आमचे सर, हवामान सांगतात.

मावशी माझ्याकडे वळल्या. "हवामान सांगता? मंग आमाला कामून नाही सांगितलं? कालच सोंगून सुडी घातली."

मी इतके दिवस हवामान सांगत होतो ते आमचे शर्ट भिजू नयेत म्हणून. ज्या जिल्ह्यात पाऊस यावा म्हणून देव पाण्यात ठेवतात, तिथे दर शनिवारी रात्री सात माणसांसाठी मी तो येऊ नये असं लिहीत होतो. आणि जिथे तो खरंच नको होता, तिथे मला पत्ता नव्हता.

"मावशी, मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. डॉक्टरांनी मान वळवून बघितलं. हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असावं.

चुलीवर शेठच्या किटलीतलं मसाला दूध तापलं. चंद्र नव्हता, विजेच्या उजेडात प्यालो. तेव्हा आप्पांनी तोंड उघडलं. "सर, तुरळक म्हणजे पाऊस तुरळक नसतो. ठिकाणं तुरळक. त्या भागातल्या पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पडला तर तुरळक. त्याच्या वर काही ठिकाणी, मग बऱ्याच ठिकाणी. जिथं पडतो तिथं पुरा पडतो."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही भूगोलाचे. आम्ही नुसते तलाठी."

मुलाने विचारलं, "आप्पा, पासष्ट झाला असंल का?" अतिवृष्टी धरायची तर मंडळाच्या यंत्रात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद लागते. यंत्र होतं आठ-नऊ किलोमीटरवर. त्याने तिथल्या पाहुण्याला फोन लावला. तिकडे धूळ उडत होती. यावर कोणी काही बोललं नाही.

असल्या एकट्या गडगडाटी ढगाचा पसारा काही किलोमीटरचा आणि आयुष्य तासाभराचं. तेव्हा देशाच्या हवामानाचं मॉडेल बारा किलोमीटरच्या चौकोनांनी बघत होतं, मे २०२५पासून सहाच्या चौकोनांनी बघतं. प्रगती आहे. पण आखाडा बारा बाय वीस फुटांचा होता.

सायकली वापसा येईपर्यंत तिथेच ठेवल्या. ट्रॅक्टरने सडकेला, तिथून एसटीने जालना. जालन्यात थेंब नव्हता. कोजागिरीचा चंद्र स्वच्छ, लोक गच्चीवर दूध पीत बसलेले. आमच्या गच्चीवर सौ.ने माझ्या भरवशावर दिवाळीआधी धुऊन टाकलेल्या घरातल्या सगळ्या गोधड्या कडकडीत वाळल्या होत्या. तिने गोधड्या बघितल्या, चिखलाने माखलेला आणि एका पायात बूट असलेला नवरा बघितला आणि विचारलं, "कुठे पडलात?"

"तुरळक ठिकाणी," मी म्हणालो.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण निघताना त्या मुलाने माझा नंबर घेतला होता, 'हवामान सर' या नावाने. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२३मध्ये त्याचा फोन आला. तो ऑगस्ट देशात १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा. आमच्याकडे सोयाबीन फुलोऱ्यात आणि पाऊस गायब. तीन आठवड्यांचा खंड पडला की विम्याचं काही जमतं म्हणून लोक बोटांवर दिवस मोजत होते.

"सर, येता का एकदा सायकलवर?"

"कशाला?"

"गेल्या बारीला तुमी आले अन् आला होता. आई म्हणू राहिली, बोलवून बघ."

मी मोबाइलमध्ये बघितलं नाही, पंखा फिरवला नाही. ग्रुपवर एवढंच टाकलं : 'रविवारी राजूर. पाऊस नाही. मडगार्ड काढा.' शेठ म्हणाले, "सर, जोर लावून सांगा, नक्की नाही म्हणा." मी तेही लिहिलं. त्या रविवारी सातच्या सात जण आले, एकाने दांडी मारली नाही. दुपारी मुद्दाम उशिरा निघालो. पांदणीनेच गेलो. माती भेगाळलेली, चाकं घरंगळत गेली. आखाड्यावर मावशींनी चहा दिला. आम्ही साडेसहापर्यंत उत्तरेकडे बघत बसलो. एक ढग आला, जरा फुगला. मी उठून उभा राहिलो. तो पांगला.

सोमवारी सकाळी बरोबर साडेआठला गच्चीवर जाऊन नोंद घेतली. शून्य. टाकीही वाहिली नव्हती, नळाला आठ दिवसांपासून पाणी नव्हतं.